जनाना माप

“चढ त्या स्टुलावर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी चढली. पाय उघडे. प्रसूतिगृहाच्या ओसरीत आमी पाच आया होतो. चौघी रांगेनं खाली उभ्या अन् मी एकटी वर. फरशीवर बूटवाल्यानं पुठ्ठ्याचे डबे मांडले होते. पांढरे कॅनव्हासचे जनाना बूट. चौघींले बूट आले. मले आला नाही.

बूटवाल्यानं सगळ्यात मोठा नंबर काढला. पायाले हात न लावता त्यानं बूटच पुढं ढकलला. बोटं आत गेली, चवडा अडकला. त्यानं आणखी ढकलला. टाच बाहेरच.

डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठल्या. त्यांच्या हातात लाकडी फूटपट्टी होती. ती त्यांनी माझ्या चवड्यावर आडवी ठेवली.

“बघा गं सगळ्यांनी. हा बाईचा पाय आहे का?”

पोरी हासल्या. आमच्यातली सुखबती सगळ्यात जोरानं हासली.

“मेमसाब, जनाना नाप में ये पाँव आएगा ही नहीं,” बूटवाला म्हणाला.

“येणार कसा?” बाईंनी आवाज चढवला नाही. त्यांचा आवाज कधीच चढत नसे. “यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पायात काही घालायची सवयच नाही. पाय पसरणारच. बूट वाढत नसेल तर मला सांग, डॉक्टर आहे मी. एकेक बोट कमी करू.”

पुन्हा हासल्या सगळ्या. बूटवालाही हासला. बाई माझ्याकडं पाहून राहिल्या होत्या. मी पण हासावं, अशी त्यांची इच्छा होती. मी हासली. ते हासणं आजही माझ्या तोंडात कडू होऊन पडलं आहे. बाकीचे हासले त्याचं एवढं नाही. मी कावून हासली?

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होती.

आमी भंडाऱ्याकडचे. गावात जमीन नाही, नुसतं राबणं. भिलाईले लोखंडाचा मोठा कारखाना बांधून राहिले, हाताले काम भेटते, असं कोणी तरी बाबाले सांगितलं. नागपूरले दीक्षा घेऊन आल्यावर बाबाचं मन गावात लागत नव्हतं. गोंदियावरून गाडी पकडली अन् आमी भिलाईले उतरलो. रुआबांध्याकडं तट्ट्याची झोपडी टाकली. चारी बाजूले लाल माती, खड्डे, क्रेन अन् माणसंच माणसं. पंजाबी, मद्रासी, बंगाली, छत्तीसगढी. बाबा खलाशी लागला. लोखंडाचे खांब दोराले बांधून वर चढवायचे, असं काम. माय रेजा लागली, बांधकामावर ओझं वाहणारी मजूर. बाराव्या वर्षी मी पण मायच्या मागं घमेलं घेऊन उभी झाली.

सात वर्षं मी घमेलं उचललं. गिट्टीवरून, सळ्यांवरून, उन्हात तापलेल्या पत्र्यावरून. सिमेंट पायाच्या भेगांत बसे अन् रातभर जळे. डोक्यावर ओझं असलं की पायाची बोटं जमिनीले धरून ठेवतात. एक एक बोट वेगळं होते. नाही धरलं तं माणूस फळीवरून खाली जाते. माझ्या डोळ्यादेखत गेल्या बाया. माझे पाय काही बसल्या बसल्या रुंद झाले नाही.

ठेकेदारानं बाबाले बूट दिले होते. काळे, कडक, पुढं लोखंडाची वाटी असलेले. मायनं मागितले तं मुन्शी म्हणाला, “औरतों का बूट बनता ही नहीं.” मायनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. पायाले चिंध्या बांधल्या अन् घमेलं उचललं.

त्याच कामावर मायले एक पोरगी झाली. पत्र्याच्या आडोशाले, विटांच्या थप्पीमागं. सोबतच्या एका बाईनं नाळ कापली, कशानं कापली ते मले माहीत नाही. आठव्या दिवशी पोरगी आखडली अन् गेली. धनुर्वात. तेव्हा मी पंधरा वर्षांची होती. कामावरून आल्यावर मजुरांच्या कॅम्पातल्या रातच्या वर्गात जात होती, अक्षरं जोडून राहिली होती. त्या दिवशी मी ठरवलं, मले बाळंतपण शिकायचं. धुवून घेतलेल्या हातानं, उकळलेल्या कातरीनं.

सातवी पास झाली. अन् या बाईंच्या प्रसूतिगृहात आया म्हणून लागली. बाई नागपूरच्या, चांगल्या घरच्या, मराठी बोलणाऱ्या. बाबा किती खूश झाला होता. आपल्या भाषेची डॉक्टरीण भेटली, म्हणे. बाईंनी सांगितलं होतं, दोन वर्षं नीट काम कर, मी तुला चिठ्ठी देईन, मिडवाईफच्या ट्रेनिंगला जाशील. त्या चिठ्ठीसाठी मी मोरीवर रक्ताचे कपडे धुतले, फरशा पुसल्या, बाळंतिणींची भांडी धुतली. पण बाळंतिणीच्या खोलीत पांढऱ्या बुटाशिवाय जायचं नाही, असा तिथला नियम होता, अन् बूटवाला साली एकदाच येई. बूट नाही तं खोली नाही. खोली नाही तं शिकणं नाही.

रविवारी बाबा मले पावर हाऊस नावाच्या बाजारात घेऊन गेला. एक दुकान, दुसरं दुकान, तिसरं. बाबा आपल्या काळ्या बुटात पुढं, मी उघड्या पायानं मागं. दुकानदार आधी माझ्या तोंडाकडं पाहत, मग खाली पाहत, मग बाबाशी बोलत.

“बेटी के लिए मर्दाना ले जाओ.”

शेवटी मर्दानाच घेतला. पांढरा कॅनव्हास, नाडीचा. पाय आत गेला तं मले इतकं हलकं वाटलं की मी दुकानात दोन पावलं चालून दाखवली बाबाले.

सोमवारी बाईंनी पाहिलं.

“हे काय? पुरुषाचे बूट घालून बाळंतिणीसमोर जाणार तू? बाईमाणसाला शोभतं का?”

“जनाना येत नाही बाई.”

“येतात. घालायची इच्छा पाहिजे.” त्यांनी कपाटातून तोच डबा काढला, स्टुलावरच्या दिवशीचा. “घालायचे असतील तर हे. नाही तर मोरी आहेच.”

मी घातले. कसे घातले, ते विचारू नका. करंगळी शेजारच्या बोटाखाली दाबली. टाच मागून मोडली. पहिल्या दिवशी नुसती आग झाली. तिसऱ्या दिवशी अंगठ्याचं नख काळं पडलं. आठवड्याच्या शेवटी बुटावर करंगळीपाशी लाल डाग उमटला. मी त्यावर खडू घासला. रोज सकाळी खडू घासायचा अन् आत जायचं. बाळंतीण पलंगावर कळा देऊन राहिली अन् मी तिच्या उशापाशी दात दाबून उभी. दोघीही घामानं भिजलेल्या. तरी मी पाहत होती. बाई डोकं कसं धरतात, खांदा कसा सोडवतात, नाळ कुठी बांधतात. सगळं डोळ्यानं गिळत होती.

एक दिवस गरम पाण्याचं टमरेल आणताना पाय वळला. अर्धं पाणी बाईंच्या साडीवर गेलं. कोणाले भाजलं नाही.

बाईंनी साडी झटकली. “तुम्हाला नाजूक कामं जमायचीच नाहीत.”

तुम्हाला. मी एकटीच उभी होती तिथं. पण त्या म्हणाल्या, तुम्हाला.

मी पुन्हा मोरीवर गेली.

मग ती रशियन मेम येणार, असं ठरलं. कारखान्यात रशियन इंजिनियर होते, त्यांच्यातल्या एकाची बायको. बाळांसाठी कपडे घेऊन येणार होती. बाईंनी सेक्टर दहामधल्या दोन-चार साहेबांच्या बायकाही बोलावल्या. तीन दिवस आमी भिंती घासल्या. पडदे धुतले. त्या सकाळी चौघी आया पांढऱ्या बुटात ओसरीत उभ्या राहिल्या. मले बाई म्हणाल्या, “तू रांगेत नको. दाराशी बैस. पाहुण्यांचे बूट सांभाळ.”

दहा वाजता जीप आली. मेम उतरली. उंच, भरदार, गोल तोंडाची. चालली तं ओसरीची फरशी वाजली. तिच्यासोबत एक दुभाष्या होता, हिंदी बोलणारा तरुण माणूस. बाळंतिणीच्या खोलीत बाहेरचे बूट चालत नाही, असं बाईंनी त्याले सांगितलं. मेमनं मान हलवली, खाली वाकली, नाड्या सोडल्या अन् बूट काढून ठेवले. बाईंनी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या नव्या चपला पुढं केल्या. मेमनं पाय घातला.

चवडा अडकला.

मी दाराशी बसून पाहत होती. तसाच पाय. रुंद, बोटं पसरलेली, अंगठा मोठा. फक्त गोरा. पातळ मोज्यातून दिसत होता.

मी बाईंच्या तोंडाकडं पाहिलं. मले वाटलं, आता त्या बोलतील.

“अरेरे,” बाई म्हणाल्या. “आमच्या इथल्या चपला फारच लहान हो! माफ करा हं. काय करावं बाई, मोठ्या मापाच्या ठेवायलाच हव्या होत्या.” अन् मग दुभाष्याले हिंदीत, “इनसे कहिए, गलती हमारी है.”

दुभाष्यानं सांगितलं. मेम हासली. साहेबांच्या बायका हासल्या. मेम मोज्यांनीच आत गेली अन् सगळ्या तिच्या मागं गेल्या.

दाराशी मी राहिली अन् ते बूट.

तपकिरी चामड्याचे, पुढून गोल, पसरट. बाईचेच. कडेनं बारीक नक्षी होती, टाचेले जराशी उंची होती. मर्दाना नव्हते ते. कोणी तरी बाईसाठीच शिवले होते, रुंद पायाच्या बाईसाठी, नक्षीसकट. मी बूट उचलून आत पाहिलं. मग खाली ठेवला. मग माझा उजवा पाय नळाखाली धुतला, पदरानं पुसला अन् आत घातला.

गेला.

कुठंच अडकला नाही. बोटं आत पसरली तरी जागा उरली. टाच आपल्या जागी बसली. मी दुसरा घातला अन् उभी राहिली. भिंतीले हात न लावता. सरळ. रडू आलं नाही. राग आला. असा राग की कानात आवाज होऊन राहिला होता. म्हणजे असे बूट बनतात. दुनियेत कुठी तरी असं कलबूत, बूट शिवायचा लाकडी साचा, आहे, असा कारागीर आहे, असं दुकान आहे जिथं माझ्यासारखी बाई जाते अन् कोणी हासत नाही. मग मले कावून सांगितलं की असा बाईचा पाय नसते?

“काढ!”

बाई दारात होत्या. विसरलेली यादी घ्यायले बाहेर आल्या होत्या.

“काढ पाय! कुणाच्या बुटात पाय घातलास, कळतं का तुला? शी! त्या बाईंना कळलं तर काय म्हणतील?”

मी बूट काढले. जोडीनं ठेवले. आतून साहेबांच्या बायकांचं बोलणं ऐकू येत होतं.

“स्पिरिट आण. आतून पूस ते दोन्ही. नीट पूस.”

मी हलली नाही.

“ऐकू येत नाही?”

“पाय धुतला होता बाई.”

“मी काय सांगितलं?”

“माहा पाय घान नाही,” मी म्हणाली. “मी नाही पुसत.”

बाईंचा आवाज तेव्हाही चढला नाही. त्यांनी सुखबतीले हाक मारली. सुखबती आली. छत्तीसगढची, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, दोन वर्षांपासून तिथं कामाले. बाईंनी तिच्या हातात स्पिरिटची बाटली अन् कापूस दिला. सुखबतीनं माझ्याकडं पाहिलं. मग खाली बसली अन् बुटाच्या आतून कापूस फिरवाले लागली. स्पिरिटचा वास साऱ्या ओसरीत पसरला.

तेवढ्यात मेम बाहेर आली. वास तिले आलाच. तिनं बूट उचलला, नाकाजवळ नेला, काही तरी विचारलं.

“पूछ रही हैं, ये गंध कैसी है?” दुभाष्या म्हणाला.

“धूल लगी थी,” बाई म्हणाल्या. “साफ करवा दिया.”

मी भिंतीपाशी उभी होती. मले बोलायचं नव्हतं. चिठ्ठी होती, बाबा होता, दोन वर्षांतले चौदा महिने झाले होते. पण तोंड उघडलंच.

“धूल नहीं थी. मेरा पाँव था.”

दुभाष्यानं माझ्याकडं पाहिलं, मग बाईंकडं. मग तो मेमशी त्यांच्या भाषेत काही तरी बोलला. काय बोलला, ते मले कधीच कळलं नाही. मेमनं मान हलवली, लहान लेकराकडं पाहून हासावं तशी माझ्याकडं पाहून हासली, नाड्या बांधल्या अन् निघून गेली. तिनं मले वाचवलं नाही. ती त्यासाठी आली पण नव्हती.

जीप गेल्यावर बाई म्हणाल्या, “उद्या वडिलांना घेऊन ये. सगळ्यांसमोर माफी मागायची. मागितलीस तर चिठ्ठीचं बघू. नाहीतर आजपासून तू इथली नाहीस.”

दुपारच्या उन्हात मी घरी आली. माय-बाबा कामावरून आल्यावर सगळं सांगितलं. बाबा बूट काढत होता. तो तसाच बसून राहिला, एक बूट हातात.

“माफी मागून टाक,” तो म्हणाला. “एक शब्द तं हाये. शब्दानं काय होते? चिठ्ठी भेटली का आपन मोकळे.”

मले बाबाचा राग नाही आला. तो रोज सकाळी मुकादमाले दहा वेळा जी हुजूर म्हणे, तेव्हा आमची चूल पेटे.

माय चुलीपाशी होती. ती म्हणाली, “बाईनं काय म्हनलं होतं? पिढ्यान्‌पिढ्या सवय नाही?”

“हो.”

“सवय कशी राहीन?” माय म्हणाली. “माह्या बापानं चपला केल्या होत्या माह्यासाठी. लग्नाआंधी. मालगुजाराच्या घरापुढून जाच्या वेळी पायातून काढून हातात घ्या लागे. अन् त्याच्या अंगनात कोनी बसलं असन, तं चपला झाडाखाली ठेवून पुढं जा लागे. एक दिवस मी इसरली. घालूनच गेली. त्याइनं माह्या बापाले बलावलं अन् त्याच चपला त्याच्या तोंडात देऊन त्याले सारं गाव फिरोलं. तवापासून मी पायात काही घातलं नाही.” तिनं लाकूड आत सारलं. “सवय नाही म्हनते. सवय मोडली कोनं?”

मायनं हे आधी कधीच सांगितलं नव्हतं. बाबाले पण नाही. तो हातातल्या बुटाकडं पाहत राहिला.

“नको मागू माफी,” माय म्हणाली.

अंधार पडायच्या आधी सुखबती आली. दारातच बसली, आत आली नाही. मी बोलली नाही तिच्याशी. तिनं काही न म्हणता आपले पांढरे बूट काढले. मी पहिल्यांदा तिचे पाय पाहिले. करंगळ्या आत वळलेल्या, बोटांवर कडक गाठी, एका अंगठ्याले नखच नाही.

“मोला भी नइ आवय ये जूता,” ती म्हणाली. मले पण येत नाही हा बूट. “दो साल से पहनत हँव. उस दिन तुम स्टूल पे चढ़े, मैं डर गई. मैं नहीं हँसती तो मुझको भी चढ़ाती.”

मग ती रडली. मी तिले पाणी दिलं. माफ केलं की नाही, ते मले तेव्हा माहीत नव्हतं. पण त्या दिवसापासून मले सुखबतीचं हासणं आठवलं की तिचे पाय पण आठवतात.

दुसऱ्या दिवशी बाबा नाही आला. माय आली. तिनं कामावर खाडा केला. बाई खुर्चीवर बसल्या होत्या, आया रांगेत उभ्या होत्या.

“आईला तिथेच थांबू दे,” बाई म्हणाल्या. “खालीच.”

माय ओसरीवर चढली. माझ्या बाजूले येऊन उभी राहिली. तिच्या पायाची लाल माती फरशीवर उमटली. बाईंनी त्या मातीकडं पाहिलं.

“हं. म्हण, चुकलं माझं.”

“बुटात पाय घातला, हे खरं हाये,” मी म्हणाली. “कोनाची वस्तू इचारल्याबिगर घेतली, ते चुकलं. ते मी त्या मेमले म्हनीन. पन पुसाले नाही म्हनलं, ते नाही चुकलं.”

“म्हणजे माफी नाही?”

“बाई, त्या मेमले चप्पल आली नाही, तं तुमी म्हनलं चप्पल लहान हाये. मले बूट आला नाही, तं तुमी म्हनलं पाय बाईचा नाही. पाय तं सारखेच होते. मी घालून पाह्यला.”

कोणी हासलं नाही. बाईंचं तोंड लाल झालं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

“चल नीघ! चिठ्ठी विसर. बघते कोण घेतं तुला ट्रेनिंगला.”

“ठेवा चिठ्ठी,” मी म्हणाली. ते घट्ट बूट मी परत द्यायले पिशवीत आणले होते. तिथंच काढले, जोडीनं खुर्चीजवळ ठेवले अन् मायसोबत पायऱ्या उतरली. रस्त्यावर आल्यावर मी उलटी केली.

चार दिवसांनी पुन्हा घमेलं. तीच फळी, तीच गिट्टी. सोबतच्या बाया विचारत, मोठी दाई होणार होती ना तू? मी सांगत असे. जे झालं ते तसंच सांगत असे. स्टूल, फूटपट्टी, सगळं. पहिल्यांदा सांगताना जीभ जड झाली. मग सवय झाली. सांगता सांगता मले दिसलं, ऐकणाऱ्या बाया आपापल्या पायाकडं पाहतात.

कॅम्पातल्या बाजारात एक म्हातारा मोची बसे. मी त्याच्यापाशी गेली, म्हणाली, बूट पाह्यजे, बाईचे, माझ्या पायाचे. त्यानं जमिनीवर कागद पसरला अन् मले उभं केलं. माझा पाय दोन्ही हातानं धरून त्यानं भोवती पेन्सिल फिरवली. माझ्या पायाचं कोणी असं माप घेतलेलं मी पहिल्यांदाच पाहत होती. मग त्यानं मान हलवली.

“नोनी, औरत का कलबूत इतना चौड़ा नइ होवय. मर्दाना पर बनाऊँगा तो मर्दाना दिखेगा.”

“मग नवीन कलबूत बनवा.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. नवीन नाही बनवलं. जुन्या जनाना कलबुतावर दोन्ही बाजूंनी चामड्याच्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकल्या, घासल्या, पुन्हा ठोकल्या. मी तीन वेळा गेली. तिसऱ्या वेळी बूट आले. पांढरे, जाड कॅनव्हासचे, पुढून गोल. थोडे वेडेवाकडे. मले आले.

त्या बुटात मी ट्रेनिंगचा अर्ज घेऊन गेली. चिठ्ठीशिवाय. पहिल्या वेळी नाही घेतलं, शिफारस नाही म्हणाले. दुसऱ्या वर्षी पुन्हा गेली. तोवर सातवीवर आणखी शिकली होती. तोंडी परीक्षेत एका बाईनं विचारलं, बाळाचा खांदा अडकला तं काय करशील? मी सांगितलं. कुठी शिकलीस? मी म्हणाली, पाहून शिकली. त्यांनी घेतलं.

पहिल्याच दिवशी गणवेश वाटून राहिले होते. दोन साड्या, एक ॲप्रन, एक जोडी पांढरे बूट. बाबूनं माझ्यासमोर डबा ठेवला. मी उघडला, पाहिला, परत सरकवला.

“हे नाही होत. माझ्या मापाचे पाह्यजे.”

“लेडीज में यही सबसे बड़ा है. सही करो.”

रजिस्टरात माझ्या नावापुढं लिहिलं होतं, बूट मिळाले. मागं रांग होती. मागची पोरगी माझ्या कानात म्हणाली, ताई, घेऊन टाका, मग पाहू. तिच्या आवाजात तीच भीती होती, जी मले चांगली माहीत होती.

“मिळाले नाही,” मी म्हणाली. “मग सही कशी करू? इथं लिहा, या मापाचे बूट दिले नाही.”

“ऐसा नहीं लिखते.”

“मग मी लिहीन.”

मी त्याच्या हातातून टाक घेतला. माझ्या नावापुढचे शब्द खोडले अन् मराठीत लिहिलं: माझ्या पायाच्या मापाचे बूट या ठिकाणी ठेवलेले नाहीत. ते ठेवावेत. खाली सही केली.

बाबू ओरडला. ट्रेनिंगच्या मोठ्या बाईंना बोलावलं गेलं. त्यांनी रजिस्टर वाचलं, मग माझ्या पायातल्या मोच्याच्या बुटाकडं पाहिलं. म्हणाल्या, “सध्या हे चालतील. एवढ्यासाठी रजिस्टर कशाला खराब केलं?”

“खराब नाही केलं,” मी म्हणाली. “माप लिहिलं.”

त्या वर्षी बूट आले नाही. दर महिन्याच्या सुरुवातीले मी ऑफिसात अर्ज दिला. बाबू अर्ज घेई, खणात टाकी, मान वर करत नसे. चौथ्या महिन्यात रांगेतली ती पोरगी माझ्या खोलीत आली, दार लावलं अन् म्हणाली, “ताई, मले बी चावतात ते बूट. सही करू का?” मी कागद तिच्यापुढं केला. मग आणखी दोघी आल्या.

तेव्हा मी त्यांना एकच गोष्ट सांगितली, अन् स्वतःलेही. बूट येतील का नाही, ते त्यांच्या हातात. अर्ज आपल्या हातात. उत्तर आलं नाही म्हणून आपन दाबणारे बूट घालायचे नाही, लपून बसायचं नाही, अन् कोणी हासलं म्हणून सोबत हासायचं नाही. एक महिना नाही चुकवायचा.

मी एकही महिना चुकवला नाही.